दाढ काढली आणि बाळाची बातमी आली

आदरणीय साडूभाऊंना धाकट्या साडूचा नमस्कार,

तुम्ही खुशाल असाल, मुलं अभ्यास करत असतील आणि ताईंची कंबर बरी असेल, असं धरून चालतो. (मागच्या वेळी ‘सगळं ठीक’ असं तुम्ही लिहिलंत तेव्हा ताई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून तुमचं ‘ठीक’ मी जरा तपासूनच घेतो.) इकडे आम्ही बरे आहोत, म्हणजे निदान दिसायला तरी.

पत्रास कारण तुमचा रोल. तुमच्या प्रसूतिगृहात नातेवाइकांना मोबाइलवर निरोप पाठवणारा सर्व्हर तुम्ही ज्यावरून उभा केलात, तोच. (ताईंना वाचून दाखवत असाल तर सांगा: रोल म्हणजे सर्व्हर कसा उभा करायचा याच्या सूचनांचं बांधलेलं गाठोडं. गाठोडं तेच राहतं. जागा बदलली की नाव, नंबर आणि मजकूर एवढंच बदलायचं; त्यालाच व्हेरिएबल्स म्हणतात.) तुम्ही म्हणालात, “व्हेरिएबल्स बदला आणि निवांत बसा.” आमचं रुग्णालय दातांचं आणि डोळ्यांचं. दातांच्या विभागासाठी मी वेगळी फाइल केली, तिच्यात लिहिलं, ‘दाढ काढली आहे, संध्याकाळपर्यंत गरम काही देऊ नये’, आणि रोल चालवला. सगळ्या ओळी हिरव्या आल्या, म्हणजे कुठेही चूक नाही. एवढ्या हिरव्या की तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक वयस्क गृहस्थ दाढ काढायला आले. घाबरट स्वभाव, म्हणून घरी ‘मित्राकडे जातो’ असं सांगून आलेले. सवयीने नंबर मात्र घरचाच दिला. दाढ निघाली आणि घरी निरोप गेला: ‘अभिनंदन. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.’ थोड्याच वेळात त्यांच्या पत्नी येऊन स्वागतकक्षासमोर उभ्या राहिल्या.

“ती कुठे आहे?”

“कोण?” स्वागतकक्षातल्या बाईंनी विचारलं.

“बाळंतीण.”

“इथे दात आणि डोळे बघतात हो.”

“असंच सांगायला सांगितलं असेल त्यांनी.”

तेवढ्यात गृहस्थ बाहेर आले. तोंडात कापूस कोंबलेला, त्यामुळे सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर, “अंऽऽ.” त्यांनी सुजलेला गाल दाखवायला हात वर केला, तर पत्नीला वाटलं तोंड लपवतायत. मी हे सगळं पाण्याच्या मशीनमागून पाहिलं.

माझा पहिला संशय आमच्या नव्या नेटवर्कवाल्यावर गेला. हा माणूस फोनवर कुजबुजतो आणि पाणी प्यायला उठला तरी स्क्रीन बंद करून जातो. मी त्याच्या पाठीमागच्या कपाटाच्या काचेतलं प्रतिबिंब बघत बसलो, तर त्याच्या स्क्रीनवर चक्क पाळणा. याहून मोठा पुरावा कोणता हवा? मी सरळ विचारलं, “पाळणा कशाला?” तो लाजला आणि म्हणाला, “बायकोला दिवस गेलेत. इतक्यात कोणाला सांगायचं नव्हतं.” हेही मला फार जुळवून आणल्यासारखं वाटलं. पण नंतर तो बायकोच्या तपासणीसाठी रजेवर गेलेला असताना मी डोळ्यांच्या विभागासाठी तोच रोल चालवला, चाचणीचा निरोप स्वतःच्या फोनवर मागवला, आणि माझंही अभिनंदन झालं.

मग मी तुमचं गाठोडं उघडून बसलो. साडूभाऊ, बाहेरून बदलता याव्यात अशा गोष्टी डिफॉल्ट्समध्ये ठेवतात, हे तुम्हीच मला शिकवलंत. तुम्ही तो अभिनंदनाचा मजकूर ठेवलात रोलच्या आतल्या पक्क्या व्हेरिएबल्समध्ये. तिथलं लिहिलेलं माझ्या फाइलला भीक घालत नाही. बाहेर दाढ लिहा, मोतीबिंदू लिहा, आतून बाळच येणार. हे चुकून झालं असं मी मानायला तयार आहे. (पूर्ण तयार नाही. लग्नात मी तुमच्या बुटांवरून हसलो होतो, ते तुमच्या लक्षात असावं.) मजकूर डिफॉल्ट्समध्ये हलवला; आता दातांना दात आणि डोळ्यांना डोळे जातात. तुमच्याकडेही तसं करून घ्या.

सर्वांना यथायोग्य सांगावे.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. पत्र ताईंना वाचून दाखवत असाल तर इथे थांबा. ते गृहस्थ म्हणजे आपले सासरे. कापूस निघाल्यावर त्यांनी सगळं खरं सांगितलं, पण फार उशिरा. सासूबाई तेव्हापासून आमच्याकडे आहेत आणि रोज माझा फोन तपासतात.

आणखी एक. मी सासूबाईंना रोल समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “म्हणजे निरोप मुळात थोरल्या जावयाच्या प्रसूतिगृहातला?” मी हो म्हणालो. आता त्यांची खात्री झाली आहे की बाळ तुमच्याकडेच आहे आणि तुम्ही सासऱ्यांना सामील आहात. त्या पुढच्या सोमवारी दुपारच्या गाडीने तुमच्याकडे येत आहेत. कृपा करून त्यांना महिनाभर ठेवून घ्या आणि प्रत्येक खोली दाखवा.

शेवटचं. सासऱ्यांशी त्या अजून बोलत नाहीत, पण काल दिवसभर खिडकीपाशी बसून त्यांनी एक टोपडं विणलं. मी नुसतं बघितलं, तर म्हणाल्या, “त्या लेकराचा काय दोष.” तेव्हा त्या येतील त्या दिवशी कुणाचं तरी एखादं बाळ तयार ठेवा.