दारातून परतवलेली ट्रॉली

निमगाव सावा, बुधवार, १४ मे २००३

आज मोठ्या भाऊजींनी पाठवलेली शेणखताची ट्रॉली दारातूनच परत गेली. बरं वाटतंय.

गेल्या वर्षी त्यांचंच खत परसात घातलं आणि मिरची, घेवडा सगळं आकसलं. पानं वाटीसारखी आत वळली. तेव्हा सासूबाई चारचौघींत म्हणाल्या, "काहींच्या हाताला झाड लागतच न्हाई." वर्षभर सलतंय ते. खरंच माझ्या हातात दोष असेल?

पण भाऊजी उसात तणनाशक मारतात आणि ते जळलेलं गवत खताच्या उकिरड्यावर टाकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून महिन्यापूर्वी त्यांच्याकडून पाटीभर खत आणलं. तेलाच्या एका रिकाम्या डब्यात ते मातीत मिसळून भरलं, दुसऱ्यात आमच्या शेळ्यांचं लेंडीखत. दोन्हींत घेवडा पेरला, याच हातानं. लेंडीखतातला ताठ वर आला, भाऊजींच्या खतातला आकसला.

आज दोन्ही डबे ट्रॅक्टरपुढे नेऊन ठेवले. भाऊजी भडकले, "डब्यात पेरून मला शेती शिकवती व्हय? लई शहाणी झालीस!"

"शहाणी नसंन, भाऊजी. पण हे खत माझ्या परसात पडणार नाय."

ह्यांनी मान खाली घातली. वाटलं, आता सासूबाई सुरू होतील. त्या वाकल्या, दोन्ही डब्यांतली पानं निरखून पाहिली आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "फिरव रं ट्रॅक्टर."

माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. चालेल.