मागे टेकलेला हात

पतियाळा,
१४ जून

ती. धनेशदादास,

जागृतीचा नमस्कार. मी इथे बरी आहे, तुम्हीही बरे असाल असं धरून चालते. विनिता वहिनीला माझी आठवण सांग. रियाचे पुढचे दात आले का? आणि मागच्या दारच्या मोरीवर पत्रा टाकलास का?

पत्र बघून तुला हसू येईल. तुझा नंबर मी बंद करून ठेवलाय हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. फोनवर तुझ्याशी बोलायला लागलं की तू मधेच स्पीकर लावतोस आणि मागून चार माणसं 'ताई, अभिनंदन' करून जातात. पत्राला स्पीकर नसतो. याचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकायचा असेल तर खुशाल टाक. माझं अक्षर तुला माहीत आहे, कुणाला लागायचं नाही.

इथे ऊन मरणाचं आहे. सकाळी आठनंतर धावपट्टीवर पाय ठेववत नाही. कॅम्पच्या मेसचा भात असा मोकळा की एका शिताची दुसऱ्याशी ओळख नसते. आपल्या भाताची आठवण येते, पण खायला परत येण्याइतकी नाही.

तुझा निरोप शेजारच्या हर्षलाने पोचवला. पळसदरीला त्या बंगल्यांच्या स्कीमवाल्याने मांडव घातलाय, माझा सत्कार आहे, इंडिया लिहिलेलं जॅकेट घालून यायचंय. चौथ्या नंबराचा सत्कार करणारा माणूस दिलदार म्हटला पाहिजे. प्लॉट खपत नसतील. दलालीत तुझाही वाटा असेल, असो. त्या निरोपातलं शेवटचं वाक्य हर्षला आधी सांगत नव्हती. मी खनपटीलाच बसले तेव्हा म्हणाली, "दादा बोलला, पुढच्या टायमाला मेडल आन, म्हंजी आईचं राहिलेलं पुरं होईल."

या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितेय.

आधी हाताचं सांगते, कारण सगळे तेच विचारतात. आशियाई स्पर्धेतली तिहेरी उडीची अंतिम फेरी, पाच उड्या झालेल्या, मी चौथी. शेवटची उडी उरलेली. तुम्ही सगळ्यांनी ती टीव्हीवर पाहिलीत. पहिली झेप बसली, दुसरी बसली, तिसरीला मी उचलले गेले तेव्हाच मला कळलं की ही आयुष्यातली सगळ्यात लांब उडी आहे. पाय तिसऱ्या नंबरवालीच्या पुढे पडले. पंचाने पांढरा झेंडा वर केला. तुम्ही फटाके लावलेत असं ऐकलं. मग माप घेणारी बाई वाळूत उतरली आणि तिने खूण माझ्या टाचांपाशी लावलीच नाही. ती मागे गेली, जिथे माझा डावा हात टेकला होता. जिथून उडी घेतो त्या फळीच्या सगळ्यात जवळचं वाळूत जे चिन्ह असेल, तिथून माप धरतात. हात चार बोटं कमी मागे टेकला असता तरी चाललं असतं. तुमचे फटाके फुकट गेले.

त्या हाताची गोष्ट तुझ्याइतकी कुणालाच माहीत नाही. भात झोडून झाला की आपलं खळं माझं व्हायचं. सारवलेल्या कडक जमिनीवरून मी धावायचे आणि शेवटी तुसाच्या ढिगात उडी. तूस गिरणीतून तू आणायचास, सायकलच्या दोन्ही बाजूंना पोती लटकवून. आल्यावर अंगभर खाज सुटायची तुला, पण कधी नाही म्हणाला नाहीस. हे मी विसरलेले नाही, दादा. विसरता आलं असतं तर हे पत्र सोपं झालं असतं.

आणि आई खळ्याच्या कडेला सूप घेऊन बसलेली. मी तुसात पडले की ओरडायची, "जागे, हात मागं टेक गं! कंबर मोडली तर कोन उचलनार तुला, तुजा बाप?" बाबा तर केव्हाचे गेलेले. मी हात मागे टेकायचे. तुसात कसली खूण राहते? हात टेकला काय, अख्खी लोळले काय, तूस पुन्हा सारखं. वाळू मात्र सगळं लक्षात ठेवते, हे मला जिल्ह्याच्या मैदानावर गेल्यावर कळलं. तिथे सरांनी माझ्या डाव्या मुठीत रुमाल कोंबून ती सवय मोडली. त्यानंतर कितीतरी वर्षं तो हात एकदाही मागे गेला नव्हता.

मग त्याच दिवशी का गेला, असं सर विचारतात. त्यांना मी 'माहीत नाही' म्हणून सांगितलं. तुला खरं सांगते, मघापासून टाळतेय ते.

अंतिम फेरीच्या आदल्या संध्याकाळी तू व्हिडिओ कॉल केलास. डोक्यावर टोपी. मे महिन्यात, घरात, पंख्याखाली टोपी. आणि तुझी मिशी नव्हती. बारावीत फुटलेली मिशी, स्वतःच्या लग्नातही न्हाव्याला जिला हात लावू दिला नाहीस, ती. मी विचारलं, मिशी कुठे गेली? म्हणालास, "वहिनीला टोचते." मी हसले. विचारलं, आई कुठे आहे? इतके दिवस ती फोनवर येतच नव्हती, आज घसा बसला, उद्या जत्रेला गेली. तू म्हणालास, "मामाकडं हाय, खालापूरला. तिकडं रेंज नाय गं."

खालापूरला रेंज नाही! मामाच्या गच्चीतून एक्सप्रेसवेवरच्या गाड्यांचे रंग दिसतात, दादा. निदान खोटं तरी नीट बोलायचंस.

मला कळलं. टोपी आणि मिशी बघितली त्याच क्षणी कळलं की आई गेली, आणि नुकती नाही, दहावा उरकून तू माझ्यासमोर बसलायस. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू अजून एक थाप मारली असतीस, आणि मला ती खरी मानल्याचं नाटक करावं लागलं असतं. जेवायला गेले तर टेबलावर सगळे आपापल्या ताटात बघायला लागले. सरांना माहीत होतं. खोलीतल्या समिधाला माहीत होतं, तिने न सांगता माझ्या ताटात दही वाढलं. अख्ख्या टीमला माझी आई गेल्याचं ठाऊक, फक्त मला नाही अशी सगळ्यांची समजूत. मी रडले असते तर सगळ्यांचीच फजिती झाली असती. म्हणून नाही रडले. तुम्ही मला धक्का लागू नये म्हणून जपलंत म्हणे. धक्का लागलाच. तुम्ही माझं रडणं तेवढं काढून घेतलंत.

दुसऱ्या दिवशी मी उडी मारली, आणि चांगली मारली. शेवटच्या उडीत आईचा आवाज ऐकू आला वगैरे मी म्हणणार नाही, तसलं पेपरवाल्यांना सांग. काही ऐकू आलं नाही. हवेतून खाली येताना हात मागे गेला, एवढंच. सवय होती. पण ती लावली कुणी होती, ते तूच बघ.

घरी आले तेव्हा तू मला स्टेशनवर मिठी मारलीस आणि रडलास. मी लाकडासारखी उभी होते, ते तुला लागलं असेल. दारात चिंधीआत्या बसलेली. पाण्याचा तांब्या हातात द्यायच्या आधी म्हणाली, "कावळ्याला कबूल केलेलं गं पोरी. आनि तू हात टेकवून आलीस?"

मला काही कळेना. मग हर्षलाच्या मोबाइलवर दहाव्याचा व्हिडिओ पाहिला. आपल्याकडे हल्ली पिंडाचंही शूटिंग होतं. धरणाच्या काठावर पिंड ठेवलेला, कावळे झाडावर, एक खाली यायला तयार नाही. मामा कबूल करतो, बहिणीच्या लेकरांना अंतर देणार नाही. वहिनी म्हणते, जागीला मी सांभाळीन. कावळा जागचा हलत नाही. मग तू पुढे झालास, ओलेता, भादरलेला, आणि हात जोडून म्हणालास, "आई, जागी मेडल घेऊन येल. मी शब्द देतो तुला." आणि कावळा शिवला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. तू खरोखरच रडत होतास. मी तो व्हिडिओ परत परत पाहिला, दादा, तुझं रडणं खोटं ठरवायला. नाही ठरवता आलं.

पण शब्द कुणाचा दिलास? पाय माझे, गुडघे माझे, वाळूही माझीच. ज्या पोरीला आई गेल्याचंसुद्धा सांगितलं नव्हतंस, तिच्या नावाने कबूल करून मोकळा झालास. आता आत्या म्हणते आई अडकून राहिली. तीन घरं सोडून कुणीतरी म्हणतं, पोरीमुळे आईला गती नाही. आणि तू म्हणतोस, पुढच्या टायमाला.

आपल्या हातातलं कबूल करायचं असतं, दादा. आईने माझ्याकडे मेडल कधीच मागितलं नाही. तिला शेवटचं पाहिलं तेव्हा फोन कलता टेकवून ती मोरीतच भांडी घासत होती, तोंड लालभडक. म्हणाली, "दादाला सांग गं, हितं एक पत्रा टाक म्हनावं. ऊन सोसत नाय आता. तुजं ऐकतो तो." मी तुला सांगितलं. तू म्हणालास, टाकू, आधी तुझा बॅनर होऊ दे. ती पडली ती तिथेच, भर दुपारी, हातात तवा घेऊन. हे मला वहिनीने सांगितलं, तू नाही. पिंडासमोर तू पत्र्याचं नाव काढलं असतंस, तरी माझ्या मते तो कावळा खाली आला असता.

निघायच्या दिवशी सकाळी मी तांदळाची एक भाकरी घेऊन खळ्यावर गेले. कुणाला सांगितलं नाही. कबूल काहीच केलं नाही. नुसतं म्हटलं, आई, मी चौथी आले. भाकरी खाली ठेवून मी दोन पावलं मागे सरते न सरते तोच कावळा उतरला. भुकेला होता, दादा. त्या दिवशीचाही भुकेलाच असेल. माणसं बाजूला झाली तेव्हा आला.

मी सत्काराला येणार नाही. पुढे मेडल मिळालं तर ते माझं असेल, तुझ्या शब्दाची भरपाई म्हणून मी ते कुठेही ठेवणार नाही. नाही मिळालं तरी आई कुठे अडकलेली नाही. अडकलायस तो तू. तुला मी यातून सोडवू शकत नाही, आणि खरं सांगायचं तर सोडवावंसं वाटतही नाही.

एकच काम कर. चारफाट्यावर माझा तो बॅनर अजून लटकतोय, 'कर्जतची सुवर्णकन्या', खाली हात जोडलेला तू, मिशीसकट. तो उतरव. फ्लेक्स चांगलं जाड आहे. मागच्या दारी चार बांबू रोव आणि मोरीवर ताणून बांध. आता तिथे वहिनी बसते.

आईची,
जागी