दोन माणसांचा भात

गुमाका, मंगळवार दुपार

प्रिय पेतांगताईस,

धाकट्या दोल्फोने तुझा उजवा हात इथूनच मनोमन कपाळाला लावला आहे, तू आशीर्वाद दिलास असं धरून पुढे लिहितो. गुडघा कसा आहे? विनिपेगला बर्फ पडायला लागला असेल तर चालताना ऐट करू नकोस, भिंत धरून चाल. तू काम करतेस त्या वृद्धाश्रमातले ते आजोबा, जे रोज सकाळी तुला लग्नाची मागणी घालतात आणि दुपारी विसरतात, ते अजून आहेत ना? यंदाच्या नाताळला नक्की येते म्हणाली होतीस, ते तुझ्या भावजयीने, इझिंगने, ऐकून ठेवलं आहे. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. (हे रीत म्हणून लिहिलं. इझिंग माझ्याशी बोलत नाही आणि सांतोय जेवत नाही. फोन न करता पत्र लिहितोय ते एवढ्यासाठीच, की फोनवर तू हसतेस.)

तुझ्या भाच्याला, सांतोयला, जहाजावर नोकरी लागली हे तुला ठाऊक आहेच. जानेवारीत तो निघणार, म्हणून त्याआधी जोसेलिनशी लग्न उरकावं असं ठरलं. मुलगी लाखात एक, पण तिची आई म्हणजे कोन्सोलासियोन मास्तरीण. अर्ध्या गावाला तिने सहावीत शिकवलं आहे, आणि पेन्शनीत निघाली तरी लोक तिच्यासमोर अजून हाताची घडी घालून उभे राहतात. नवरा बावीस वर्षांपूर्वी रियाधला गेला तो गेलाच. पोरगी एकटीने वाढवली. तर गेल्या रविवारी आम्ही रीतीप्रमाणे त्यांची पायरी चढलो. इझिंगने पहाटे उठून परातभर शेवयांचा पान्सित केला होता, मी तिघांचे शर्ट इस्त्री केले होते, आणि सांतोयचा चेहरा त्या शर्टापेक्षा पांढरा होता. आता मुलाच्या बापाने चार शब्द बोलून मुलगी मागायची, एवढंच काम उरलं होतं.

ते चार शब्द म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी समजत होतो. तीस वर्षं मी प्रवाशांच्या जीपनी गाड्या रंगवतोय, ताई. या किनाऱ्यावर धावणाऱ्या निम्म्या जीपनींच्या पाठीवर सिनेमातलं जे वाक्य आहे ते माझ्या ब्रशचं आहे. ती खलनायिका मोलकरणीला म्हणते ना, ‘माझ्या पायरीवर रडू नकोस, फरशी आत्ताच पुसलीय’, ते मी सतरा गाड्यांच्या पायरीवर लिहिलं आहे. गावात भांडण असो, बारसं असो, मयत असो, लोक म्हणतात, दोल्फोला बोलवा, त्याच्याकडे वाक्य असेल. आणि असतंच. सिनेमे मी फारसे पाहिले नाहीत (गाड्या रंगवायच्या की सिनेमे बघायचे?), पण वाक्यं मला सगळी पाठ. तेव्हा मी घसा साफ केला, मास्तरीणबाईंकडे पाहिलं, सांतोयच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपलं ते, तुझं माझं लाडकं, नायक दारात उभा राहून बायकोला म्हणतो ते वाक्य म्हटलं. ‘दोन माणसांचा भात टाक. मी आलोच.’ आणि वर हेही सांगितलं, की माझा मुलगा जहाजावरून दर वेळी असाच परत येईल.

इझिंगने टेबलाखालून लाथ मारली. मला वाटलं, गहिवरून मारली.

मास्तरीणबाईंनी अगदी शांतपणे विचारलं, “पेंटरबुवा, हे वाक्य तो कधी म्हणतो, ठाऊक आहे?”

मी म्हटलं, “कामाला जाताना. मग संध्याकाळी परत येतो. पावसात चिंब भिजलेला.”

“नाही येत. दुसरीकडे घर करतो. सात वेळा पाहिलाय मी तो सिनेमा. सातही वेळा नाही आला.” मग पदर सारखा करावा तशी त्यांनी टेबलावरची चादर सारखी केली आणि म्हणाल्या, “आठव्यांदा तेच वाक्य आमचे हे विमानतळावर निघताना बोलले.”

मास्तरीणबाई उठल्या, आमच्याच परातीवर आमचंच झाकण ठेवलं आणि परात माझ्या हातात दिली. न उष्टावलेली! आपल्याकडे नेलेला पदार्थ झाकून परत मिळणं म्हणजे काय, हे तुला विनिपेगातही आठवत असेल. दारापाशी म्हणाल्या, पुढच्या रविवारी पुन्हा या, मुलावर माझा राग नाही. पण त्याचा बाप जे बोलेल ते स्वतःचं बोलेल. सिनेमातलं एक जरी वाक्य आलं तरी पायरीवरूनच परत जा. परतीच्या वाटेवर जीपनीत आम्ही तिघं बसलो, मांडीवर परात, आणि समोरच्या गाडीच्या पाठीवर माझ्याच अक्षरात, लाल रंगात, सोनेरी किनार काढून, ‘दोन माणसांचा भात टाक’. मी ड्रायव्हरला विचारलं, बाबा रे, हा माणूस परत येत नाही हे तुम्हा लोकांना माहीत होतं का? तो म्हणाला, “म्हणून तर लिहून घेतो, दोल्फोकाका! बायका वाचतात आणि हसतात. तुम्हाला काय वाटलं?”

तेव्हापासून मी स्वतःचं एक वाक्य तयार करायला बसलो आहे आणि माझी पाचावर धारण बसली आहे. ‘माझा मुलगा चांगला आहे’ असं लिहिलं, तर इझिंग (भिंतीकडे तोंड करून) म्हणाली, हे त्या तुरुंगाच्या सिनेमातली आई म्हणते, फाशीच्या आधी. ‘मला बोलता येत नाही’ असं लिहिलं, तर ते मुक्या कोळ्याच्या सिनेमात आहे, आणि तेही मुका बरा झाल्यावर. ‘आम्ही गरीब आहोत’ तर सगळ्याच सिनेमांत आहे. काल मी हात टेकले आणि इझिंगला म्हटलं, मग तूच सांग काहीतरी. त्यावर ती रविवारनंतर पहिल्यांदा माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “तू मला मागणी घातलीस ते तरी तुझं होतं का?” (तुला आठवत असेल, ‘माझ्यावर प्रेम कर असं म्हणत नाही, पण तिकडे तोंड करून उभी राहू नकोस.’) मी म्हटलं, पहिला अर्धा भाग माझा होता. आता ती त्याही बाबतीत बोलत नाही.

गंमत जाऊ दे, ताई. मला खरोखर भीती वाटते. पोरगा कालपासून ओट्यावर बसून जहाजाचे कागद नुसते उलटसुलट करतोय, मला एक शब्द बोलत नाही. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याचा संसार माझ्या तोंडामुळे उभा राहायच्या आत मोडला तर मी पुन्हा ब्रश हातात कसा धरू? आपल्या घरात तू हुशार. रविवारच्या आत मला एक वाक्य पाठव. साधं, आखूड, कुणीही कुठल्याही पडद्यावर न बोललेलं.

तुझा बोलघेवडा आणि सध्या मुका,
दोल्फो

ता. क. बुधवार. इझिंगने सांगितलं की तुला हे पत्र पोचायला तीन आठवडे लागतात आणि रविवार चार दिवसांवर आहे. हे तिने काल सांगितलं असतं तर माझी शाई वाचली असती. असो, वाक्य पाठवू नकोस. पण एक शंका आली ती लिहितो. मास्तरीणबाई सात वेळा पाहून सांगतात की तो परत येत नाही. मग मला तो चिंब भिजून आलेला कसा दिसतो? जिन्यात उभा राहून तो म्हणतो, ‘भात थंड झाला असेल तरी चालेल. आधी मला रागावून घे.’ बायको बोलत नाही, फक्त झाकण काढते. हे सगळं मला लख्ख आठवतं. आज गाडीला पांढऱ्या रंगाचा हात देता देता आठवलं, की आपण तो सिनेमा शेवटपर्यंत पाहिलाच नव्हता. पाचची शेवटची बस चुकेल म्हणून तू मला मधूनच ओढत बाहेर आणलंस, मी भोकाड पसरलं, आणि पुढची गोष्ट तू बसमध्ये सांगितलीस. मी सहा वर्षांचा, तू अकरा. तुझा आवाज बसला होता. तुला सर्दी झाली होती असं मी पंचेचाळीस वर्षं समजत होतो. ते आपले वडील पालावान बेटावर लाकडाच्या कामाला गेले आणि परतलेच नाहीत, त्याच वर्षीचं, नाही का? आई रोज त्यांच्या वाटणीचा भात टाकायची. ताई, मी ब्रश खाली ठेवला. मला जाब विचारायचा नाही. फक्त एवढंच, की ते रागावून घ्यायचं वाक्य कुठल्याही सिनेमात नाही.

ता. क. २. रविवार संध्याकाळ. तुझी परवानगी यायला वेळ नव्हता, म्हणून न विचारता वापरलं. मास्तरीणबाई पायरीवर हाताची घडी घालून उभ्या होत्या. परात या वेळी इझिंगकडे होती. मी सांगितलं, माझा पोरगा कधी उशिरा येईल, पण येईल, आणि आल्या आल्या म्हणेल, ‘भात थंड झाला असेल तरी चालेल, आधी मला रागावून घे.’

“कुठल्या सिनेमातलं?”

मी म्हटलं, कुठल्याच नाही. माझ्या ताईने केलंय, बसमध्ये. मग वडिलांचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, “अकरा वर्षांची पोर त्या सिनेमावाल्यापेक्षा शहाणी निघाली.” परात घेतली, झाकण काढलं, चव पाहिली आणि लिंबू कमी आहे म्हणाल्या. इझिंग रडली. (लिंबावरून नव्हे.) जोसेलिन सांतोयला म्हणाली, “तू आधी फोन कर, मगच मी तांदूळ धुवीन.” पोरगा दोन ताटं जेवला. लग्न नाताळच्या आधीच्या शनिवारी.

ता. क. ३. निघताना मास्तरीणबाईंनी विचारलं, ही ताई असते कुठे? मी सांगितलं. शेवटची कधी आली होती? मी म्हटलं, दर नाताळला येते म्हणते. “किती वर्षं?” एकोणीस, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, “मग तीही तेच वाक्य म्हणते की.” माझ्याकडे वाक्य नव्हतं. ताई, तुला कधी सांगितलं नाही, पण इझिंग दर नाताळला तुझ्या वाटणीचा भात टाकते. यंदाही टाकणार आहे. तू विमानतळावरून भिजत ये, उशिरा ये, भात थंड झाला असेल तरी चालेल. फक्त आधी मी तुला रागावणार आहे.