घर दोघींच्या नावे, आणि मागच्या खोलीतल्या भाऊजींचे काय

मी, या घराची मालकीण, विधवा, धंदा इस्त्रीचा, गल्लीत आणि चर्चमध्ये जिला सगळे इस्त्रीआजी म्हणतात ती, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगून लिहवून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकीलबाई म्हणाल्या. मला अक्षर येत नाही. धर्माची प्रश्नोत्तरे मी लहानपणी ऐकून पाठ केली, ती अजून विसरलेली नाही. तेव्हा मी काय सांगितले हे मला आठवते. लिहिणारीने शहाणपणा करून शब्द बदलू नयेत. माझ्यावर कोणाचा जोर नाही. मीच सगळ्यांवर जोर करून थकले, म्हणून हा कागद.

१. राहते घर. वर दोन खोल्या, खाली इस्त्रीची खोली, स्वयंपाकघर आणि अंगणाकडची मागची खोली. हे मी माझी नात वीजवाली आणि तिची बायको पाववाली या दोघींना समसमान देते. वीजवाली लोकांच्या घरच्या तारा जोडते. आईबाप गेल्यापासून ती माझ्याजवळ वाढली. पाववाली कोपऱ्यावरच्या भट्टीत कामाला आहे. दोघींनी एकत्र राहायचा करार कचेरीत रीतसर नोंदवला आहे; कायदा त्याला लग्न म्हणत नाही, मी म्हणते. वकीलबाईंनी विचारले, "आजी, नातसून लिहू, की सहचारिणी?" मी म्हटले, "सहचारिणी माझे पाय चेपत नाही. नातसून लिहा."

२. हे घर मी आधी चर्चच्या मंडळीला द्यायचे ठरवले होते, एका अटीवर. ते का फिसकटले हे इथे लिहून ठेवते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की म्हातारी शेवटी देवाला विसरली.

आमची मंडळी ल्यूथरन, प्रॉटेस्टंटांतला एक पंथ. फाटकावर पाटी आहे: सगळ्यांचे स्वागत, कोण आहात, कुठून आलात, कोणावर जीव लावलात, विचारणार नाही. पाटी खोटी नाही. आमच्या पाळकबाई पूर्वी बस चालवायच्या, त्यामुळे उपदेश वेळेवर सुटतो आणि वेळेवर पोचतो. चाकाच्या खुर्चीसाठी पायऱ्यांशेजारी उतार केला आहे. प्रभुभोजनाला आलेल्या कोणाला परत पाठवत नाहीत. त्या प्रभुभोजनाची भाकर माझी नातसून भाजते आणि सगळी मंडळी मिटल्या डोळ्यांनी ती खाते. पण त्याच वेदीपुढे तिचे लग्न लावायचे म्हटले की सगळ्यांना घसा खाकरायचा असतो.

कारण आमचा नियम. पूर्वी एकदा मंडळीने हात वर करून, बहुमताने, एका टाकलेल्या बाईला प्रभुभोजनापासून लांब ठेवले. ती गेली ती परत आली नाही. मग सगळ्यांना लाज वाटली आणि ठरले, की यापुढे एकाचेही मन राजी नसेल तर थांबायचे; कोणाला रेटून पुढे जायचे नाही. नियम सोन्यासारखा. आणि या सोन्याच्या नियमावर माझे धाकटे दीर पाय पसरून बसले आहेत. ते मंडळीचे माजी खजिनदार. दर सभेत उठतात आणि म्हणतात, "माझा विरोध नाही, पण तूर्तास नको." त्यांचे नावच आम्ही तूर्तास ठेवले आहे. ते एवढे बोलले की सभा थांबते, चहा येतो, आणि कोणीतरी म्हणते, त्यांच्याही भावना समजून घेऊ या. समजून घेऊन घेऊन माझे केस गेले. कोणाला बाहेर ठेवायचे नाही म्हणून दार अडवणाऱ्यालाही आत घेतला, आणि तो बसला आहे उंबऱ्यातच.

३. म्हणून माझी अट होती: घर मंडळीला, पण आधी माझ्या या दोघी पोरींचे लग्न चर्चमध्ये. मला वाटले होते पाळकबाई ऐकून खूश होतील. त्यांनी कप खाली ठेवला.

"आजी, हे घेता येणार नाही."

"का? छप्पर गळकं नाही माझं."

"अट घातली की देणगी राहत नाही, सौदा होतो. आपण काय मानतो? कृपा फुकट आहे, ती विकत मिळत नाही. घर घेऊन लग्न लावलं, तर या पोरींचं लग्न विकत घेतल्यासारखं होईल. त्यांना चालेल?"

"फुकट आहे तर एवढी वाट कशाची बघायला लावता?"

यावर त्यांनी कप पुन्हा उचलला आणि उरलेला चहा संपवला. प्रश्न माझा चोख होता, पण म्हणून मी बरोबर ठरले नाही. वीजवालीला विचारले तर ती म्हणाली, "आजी, मला घर देऊन नवरी व्हायचं नाही." तेव्हा अट काढली. मनातून निघालेली नाही, कागदावरून काढली.

४. बँकेत जे असेल त्यातून माझे दफन करावे आणि उरेल ते मंडळीला, विनाअट, जळफळत. वेदीवरची कापडे धुऊन कडक करायचे काम आजवर मी केले. ते पुढे कोणी करावे हे मी सांगत नाही. मात्र कांजी पातळ करू नये. जड इस्त्री वीजवालीला. मोठे टेबल पाववालीला, पीठ मळायला. कपाटातले न्यायला न आलेले सदरे ज्यांचे आहेत त्यांना माहीत आहेत.

५. मागची खोली. पाय मोडल्यापासून तूर्तास तिथे राहतात. माझ्या घरात झोपतात, पाववालीच्या हातचे गरम खातात, आणि सभेत जाऊन तिचेच लग्न अडवतात. या कलमात मी आधी सांगितले होते, की माझ्या माघारी त्यांनी महिन्याभरात खोली सोडावी. सांगताना फार बरे वाटले. मग रात्रभर डोळा लागला नाही. लहानपणी पाठ केले आहे, की माणूस एकाच वेळी पापी असतो आणि संतही. भाऊजींमधला पापी मला रोज भेटतो. संताची वाट बघते आहे, तो कुठे चहा घेत बसला आहे देव जाणे. तरी लिहा: ती खोली भाऊजींना हयातीपर्यंत राहायला दिली आहे. अट नाही. हे मला पटलेले नाही, पण तसेच लिहा.

६. हे कलम वरचे वाचून झाल्यावर लिहवले आहे. मृत्युपत्र मला वाचून दाखवायला मी भाऊजींनाच बसवले. मला अक्षर कळत नाही, पण आवाज कळतो. दुसरे कलम त्यांनी हिशेब वाचावा तसे वाचले, स्वतःच्या नावासकट. पाचव्याला थांबले.

"वहिनी, इथे अट लिहायची राहिली."

"राहिली नाही. नाहीच."

"म्हणजे मी सभेत काहीही म्हटलं तरी खोली माझी?"

"हो."

"असं कसं चालेल? बदल्यात काहीतरी मागा."

"देव बदल्यात काही मागत नाही, हे जन्मभर ऐकून मान डोलावलीत ना, भाऊजी?"

"ते देवाचं झालं. तुम्ही काय देव आहात?"

"नाही ना. म्हणून तर पोटात दुखतंय."

पहिल्या साक्षीदार पाळकबाई येऊन बसल्या होत्या, पण दुसरे साक्षीदार म्हणून यायचे ते चर्चचे ऑर्गनवाले आले नव्हते. वकीलबाई म्हणाल्या, शेजारून कोणाला तरी बोलवू. भाऊजी म्हणाले, "कशाला? मी करतो सही."

वकीलबाई म्हणाल्या, "काका, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सही केलीत तर तुमची खोली गेली."

"ठाऊक आहे. खजिनदार होतो मी."

फुकट घ्यायला या माणसाचा जीव जातो. मी विचारले, "मग उद्या सभेत हो म्हणणार का?"

"वहिनी, मी एका कागदावर सही करतोय, दोन नाही."

पाववाली स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिथूनच म्हणाली, "आजोबा, खोली तुमचीच आहे. कागदावर नसली तर नसली. चादर बदललीय, उशी अंगणात उन्हाला टाकलीय, ती तेवढी मी आणते."

भाऊजी काठी घेऊन उठले. "राहू दे, तुझे हात पिठाचे आहेत. मी आणतो," म्हणाले आणि गेले. हे उत्तर कशाचे होते मला कळलेले नाही. वकीलबाईंनीही त्याचा अर्थ लावून इथे लिहू नये.

७. दफन. उपासना चर्चमध्ये व्हावी, गाणी चारही कडवी म्हणावीत. घरच्यांच्या पहिल्या बाकावर वीजवाली आणि पाववाली हातात हात घेऊन बसतील. त्यांच्या शेजारी भाऊजी बसतील, कारण घरचे म्हणून एवढेच उरले आहेत. यासाठी सभा बोलवू नये, चहा ठेवू नये, आणि कोणाचे मन राजी आहे हे विचारत फिरू नये. माझे आहे. त्या दिवसापुरते माझ्या एकटीचे पुरे.

वरील सर्व मला वाचून दाखवले, मी ऐकले, आणि दोन ठिकाणी सोडून सगळे मान्य आहे. ती दोन ठिकाणे तशीच राहू द्यावीत.

ठिकाण: राहते घर, इस्त्रीची खोली
दिवस: शनिवार, मंडळीच्या सभेच्या आदल्या दिवशी

डाव्या हाताचा अंगठा: इस्त्रीआजी

आमच्यासमोर अंगठा केला:
साक्षीदार पहिली: मंडळीच्या पाळकबाई (सही)
साक्षीदार दुसरे: मृत्युपत्र करणारीचे धाकटे दीर, मंडळीचे माजी खजिनदार, राहणार याच घरी (सही)