चिकूच्या आड बारड डोंगर

१ जानेवारी २०१८
संकल्प. शाळेची नोकरी मुदतीआधी सोडली, ते वाया जाऊ द्यायचं नाही. घोलवडच्या आपल्या घरात होमस्टे. नाव फायनल : 'बारड व्ह्यू'. समोर बारड डोंगर, त्यावर जंगल, पारशांनी आपला अग्नी लपवला ती लेणी. एवढा निसर्गाचा ठेवा दाराशी, आणि आमच्या तीन पिढ्या चिकू मोजत बसल्या! वसुमती म्हणते, घरातून डोंगर दिसतच नाही, मधे आपली चिकूची वाडी आहे. बायकोला व्हिजन नाही.

१४ जानेवारी
पहिले गेस्ट. बोरिवलीचं जोडपं. खिडकी उघडली, समोर चिकूची फांदी. व्ह्यू कुठाय, म्हणाले. फांदीच्या मागे, म्हटलं. हसले. रिव्ह्यू लिहिताना मात्र हसले नाहीत.

२० जानेवारी
फांदी छाटली. मागे दुसऱ्या झाडाची फांदी.

३ फेब्रुवारी
वाडीत काम करणाऱ्या जिव्याला सांगितलं, हे एक झाड पाड. म्हणतो, फळावरच्या झाडाला कुऱ्हाड नाय लावायची, फळ उतरू द्या. मान्य. रीत पाळली पाहिजे. थांबू.

सायंकाळी
चिकूला बारा महिने फळ असतं. वाडीत जन्म गेला आणि हे मला आज सुचलं. जिव्या लबाड आहे.

१० मार्च
कोणीच येत नाही. मुलाचा, दर्शनचा, वापीहून फोन. दोघं इकडेच या, हॉलमध्ये सोफा-कम-बेड आहे, म्हणाला. चांगला मुलगा आहे. पण म्हातारपण सोफ्यावर? भीती वाटली. खरंच वाटली.
वसुमतीचं म्हणणं, डोंगर दाखवायचाय तर पाहुण्यांना वर घेऊन जा, पायवाट आहे. जाणार ना! आधी मला एकदा जाऊन यायला हवं. गुडघा बरा झाला की.

२ एप्रिल
तलासरीहून मशीनची करवत आणि माणूस आणला. त्याला रीतभात नाही, फक्त पेट्रोल लागतं. एक झाड पाडलं. वसुमती म्हणाली, मामंजींनी हाताने लावलेलं. म्हटलं, तुझे मामंजी म्हणजे माझेच वडील. ती जेवली नाही. मीही नाही. नंतर थोडा भात खाल्ला.
डोंगराचा फक्त कान दिसतो.

१९ मे
अख्खी ओळ पाडली. अंगणभर कच्चे चिकू, हाताला चीक. डोंगर आता समोर आहे, पण धुरक्यात. हवामानाचा प्रॉब्लेम, माझा नव्हे. खोलीत ऊन फार येतं.

२२ जुलै
डोंगर ढगात. तो तिथेच आहे, हे गेस्टना पटत नाही.

२८ ऑक्टोबर
झोप नाही. वसुमती कामापुरतंच बोलते. वाडीतल्या उरलेल्या ओळीही काढल्या, अर्धवट काम वाईट. हे चाललं नाही तर मी काय करणार, कळत नाही. देवा, एक तरी कुटुंब पाठव.

१५ डिसेंबर
दिसला! खिडकी भरून बारड! मला रडू आलं. वसुमतीला हाक मारली. आली, पाहिलं, दिसतो खरा, म्हणाली. सुरतेच्या कुटुंबाचं बुकिंगही आलं. शेवटी मीच बरोबर.

२३ डिसेंबर
सुरतकर आले. डोंगरासोबत सेल्फी काढला. छान म्हणाले. मग बाईंनी विचारलं, वाडी क्यां छे? मुलांना झाडावरचे चिकू काढायचेत म्हणे. घोलवडला त्यासाठीच आलो, डोंगर तर येताना गाडीतूनच दिसला. मी शेजारच्या उमेशच्या वाडीकडे बोट केलं. रात्री जेवायलाही तिकडेच राहिले.

६ जानेवारी २०१९
उमेशने वाडीत दोन खोल्या काढल्यात. भरलेल्या असतात. वसुमती आजपासून त्याच्याकडे चिकू निवडायला जाते. भांडली असती तर बरं वाटलं असतं. शांतपणे चप्पल घातली, म्हणाली, हाताला सवय आहे, आणि तिथे सावली आहे.
मी खिडकीत खुर्ची टाकून बसलो. बारड लख्ख दिसतो. दहापर्यंत बघून झाला. वसुमती पाचला येईल.