विक्रीस घर क्रमांक चार

१ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी सात.
नवं गाव, नवं ऑफिस, नवी वही. रोज लिहायचं ठरवलंय. मोठी माणसं रोज लिहितात.

शहरातल्या कंपनीने मला काढलं, असं बायकोच्या भावाला वाटतं. वस्तुस्थिती वेगळी आहे. कंपनीने मला एक पत्र दिलं, त्या पत्रातला सूर मला पटला नाही, म्हणून मी निघालो. बावीस वर्षं फ्लॅट विकले. आता हे गाव. हायवेचा फाटा झालाय, शाळेची बस सुरू झालीय, बँकेची शाखा येणार येणार म्हणतात. वाढतं गाव. इथे फक्त एका जाणकार माणसाची कमी होती.

ऑफिस दहा फुटी, बोर्ड बारा फुटी. दोन्ही बाजूंनी एकेक फूट बाहेर आलाय. बायको म्हणाली, दुकानापेक्षा पाटी मोठी. तिला मार्केटिंग कळत नाही.

बायकोशी करार झाला. सहा महिने. एकतीस मार्चपर्यंत एक तरी घर विकायचं. नाही विकलं तर गाशा गुंडाळून तिच्या भावाकडे. त्याचं टाइल्सचं गोदाम आहे. मी तिथे फुटक्या टाइल्स मोजायच्या आणि गोदामाच्या वरच्या दोन खोल्यांत राहायचं. मी म्हटलं, एक? दहा विकतो. ती म्हणाली, आधी एक विका.

९ ऑक्टोबर, मंगळवार.
टेबल दारासमोरून खिडकीपाशी हलवलं. ग्राहक नाही. टेबल परत दारासमोर. ग्राहक नाही. बसवत नाही. शेजारच्या सायकलवाल्याने बोर्डच्या बाहेर आलेल्या भागाला ट्यूब टांगायला सुरुवात केलीय. त्याला समज दिली. तो म्हणाला, साहेब, निदान कुणीतरी वर बघेल.

खरी अडचण कळली. गावात घरं विकण्याचं काम सलूनवाला करतो. ना बोर्ड, ना फोनवर फोटो. दाढी करता करता कोण विकतंय ते विचारतो, कटिंग करता करता कोण घेतंय ते विचारतो. मागच्या वर्षी चार प्लॉट विकले म्हणे. या धंद्याला काही शिस्त आहे की नाही?
निश्चय : त्याच्या सलूनमध्ये पाऊल ठेवणार नाही. गावात दुसरं सलून नाही, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

१७ ऑक्टोबर, बुधवार.
तीन घरं यादीत आली. जाहिराती स्वतः लिहिल्या.
क्रमांक एक : शाळेला लागून. "शैक्षणिक वातावरण." (घंटा आपल्याच घरात वाजते असं वाटतं.)
क्रमांक दोन : फाट्यावर. "उत्तम कनेक्टिव्हिटी." (ट्रक अंगणातून वळतात.)
क्रमांक तीन : "निसर्गाच्या कुशीत, स्वतंत्र घर, प्रशस्त व्हरांडा, पहाटे कोंबड्याच्या आरवण्याने जाग." (मागच्या भिंतीला पोल्ट्री. वीस हजार पक्षी. हे लिहिण्याची गरज वाटली नाही.)

तीनच्या यादीला भारदस्तपणा येत नाही. म्हणून चौथं टाकलं, आम्ही भाड्याने राहतो तेच. घरमालक म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, पलीकडच्या गल्लीत राहतात. त्यांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, टाका की, पण खरंच कुणी घेतलं तर? मी म्हटलं, छे हो, नुसतं यादी भरलेली दिसावी म्हणून. मास्तर म्हणाले, बघा हं, मी आलेलं गिऱ्हाईक सोडणार नाही. भाबडा माणूस.
बायकोला सांगायचं राहून गेलं. सांगण्यासारखं काही नव्हतंच.

२ नोव्हेंबर, शुक्रवार.
शोध लागला. या गावात वारा सकाळी पूर्वेचा असतो, दुपारी तीननंतर पश्चिमेचा. पोल्ट्री पश्चिमेला. म्हणजे तीननंतर सगळं गाव नाकाला रुमाल लावतं, पण अकराच्या आत कुणाला पत्ता लागणार नाही. शिवाय नळाला पाणी मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी.
म्हणून निश्चय : ग्राहक आणायचा तो मंगळवारी नाहीतर शुक्रवारी, अकराच्या आत. आल्या आल्या नळ सोडून दाखवायचा. बारापर्यंत वेशीबाहेर काढायचा. बावीस वर्षांचा अनुभव म्हणतात तो हा.
सलूनवाल्याला हे डोकं आहे का?

१३ नोव्हेंबर, मंगळवार.
पहिले ग्राहक! नवीन लग्न झालेलं जोडपं. क्रमांक तीन दाखवलं. वारा पूर्वेचा, नळाला पाणी, व्हरांड्यात ऊन. मुलगी खूश. मग आमच्या घरी चहाला नेलं. गावात आल्यावर माणूस किती सुखात राहतो याचा नमुना म्हणून.

बायकोला आधीच बजावलं होतं, तीन गोष्टींवर बोलायचं नाही : पाणी, वारा, बस. तिने विचारलं, मग बोलायचं कशावर? मी म्हटलं, हसायचं.
ती हसली. आणि हसत हसत सगळं सांगितलं. पाणी दोन दिवस, टाकी मोठी घ्या. बस सकाळी सातला गेली की एकदम अकराला. वाऱ्याचं मात्र संध्याकाळी येऊन स्वतः बघा.
जोडपं फिरकलं नाही. बायकोला म्हटलं, माझ्या पोटावर पाय देतेस. ती म्हणाली, त्या पोरीला इथे जन्म काढायचाय, तुम्हाला नुसतं विकायचंय. यावर माझ्याकडे उत्तम उत्तर होतं. आता आठवत नाही.

२९ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी दोन.
टेबल आता कोपऱ्यात. पाठ भिंतीला असली की माणूस अधिकारी दिसतो. दिसलो. बघायला कुणी नव्हतं.
चैन पडत नाही. इथली शांतता कानात बसते. रोज दुपारी फाट्यावर जातो. पुलाच्या कठड्यावर बसून ट्रकचे हॉर्न ऐकले की जरा बरं वाटतं. हे धंद्याचंच काम आहे, ट्रॅफिकचा अभ्यास.

केस कानावर आले. बायकोने कापड कापायच्या कात्रीने कापले. तिने हल्ली व्हरांड्यात शिवणाचा क्लास काढलाय. आठ बायका, पाच मशीन. दिवसभर खटखट आणि खिदळणं. बिचारी मन रमवतेय. शहराची आठवण येत असणार, बोलत नाही इतकंच.
केस एका बाजूने तिरके झालेत. बायका मला बघून मशीन जोरात चालवायला लागल्या.

२८ डिसेंबर, शुक्रवार.
तिच्या भावाचा फोन. ती अंगणात जाऊन अर्धा तास बोलली. आत आली तेव्हा डोळे लाल. विचारलं तर म्हणाली, काही नाही, दादा ऐकतच नाही.
समजलो. परत चल म्हणाला असणार आणि हिला जावंसं वाटतंय. माझ्यासाठी थांबलीय बाई. गलबलून आलं. निश्चय : तिच्यासाठी तरी एक घर विकायचंच. शब्द म्हणजे शब्द.
टेबल खिडकीपाशी.

१५ जानेवारी, मंगळवार. दुपारी साडेबारा.
मोठा मासा! निवृत्त साहेब, डोक्याला लोकरीची टोपी, सोबत बाई. टोपीवाले साहेब काहीच विचारत नाहीत, म्हणून मीच बोलत राहिलो. शैक्षणिक वातावरण दाखवलं, कनेक्टिव्हिटी दाखवली, निसर्गाची कूस दाखवली. नळ सोडला. घरी चहा घेतला. बायको क्लासमध्ये गुंतलेली, बोलायला वेळ मिळाला नाही. देव पावला.
जाताना टोपीवाले म्हणाले, तुम्हाला घाई दिसतेय. मी म्हटलं, छे! आणि पावणेबाराला त्यांना वेशीवर सोडलं.

३० जानेवारी, बुधवार. रात्री आठ.
घात झाला. टोपीवाले आज परत आले. न कळवता. बुधवारी. दुपारी चारला. भर पश्चिमेच्या वाऱ्यात!
मी फाट्यावर हॉर्न ऐकत होतो. ते सरळ आमच्या घरी गेले. बायकोने दोन तास बसवून घेतलं. वास कुठून येतो, किती वाजता थांबतो, कुठली खिडकी लावली की आत येत नाही, सगळं सांगितलं. टोपीवाल्यांच्या बाईंनी एका मशीनवर उशीचा अभ्रा शिवून पाहिला म्हणे. क्लासच्या बायकांनी तर रस्त्यातल्या खड्ड्यांपर्यंत सगळी माहिती पुरवली.
संपलं. ग्राहकांच्या यादीत टोपीवाल्यांच्या नावावर काट मारली. बायकोशी बोललो नाही. तिच्या लक्षातही आलं नाही, ती काजं करत होती.

२० फेब्रुवारी, बुधवार.
क्रमांक एक गेलं. सलूनवाल्याने विकलं. शाळेच्या शिपायाला. घंटा तोच वाजवतो, त्याला कसला त्रास!
केस मानेवर आले. पोल्ट्रीवाला रस्त्यात भेटला, म्हणाला, कीर्तन वगैरे सुरू केलं का?
शहरातल्या जुन्या कंपनीला सहज फोन केला. सहजच. फोन उचलणाऱ्याने माझं नाव दोनदा विचारलं.

६ मार्च, बुधवार.
क्रमांक दोन मालकाने खताच्या गोदामासाठी देऊन टाकलं. यादीत उरली तीन आणि चार. जाहिरातीत लिहिलं, "मोजकीच घरं शिल्लक." खोटं काही नाही.
पंचवीस दिवस. जेवण जात नाही. टेबल हलवून हलवून फरशीवर चरे पडलेत. बायकोने आज माझी बॅग माळ्यावरून काढली. मी ती घाईने परत वर ठेवायला गेलो. तिला त्यात शिवणाचे कागद ठेवायचे होते.
मला टाइल्स मोजायच्या नाहीत. हे इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे बोलता येत नाही. मेहुणा वाईट नाही. पण तो मला पाहुण्यांसमोर "आमचे जावई, सध्या आमच्याकडेच असतात" असं म्हणेल आणि मी मान हलवेन.

१९ मार्च, मंगळवार. दुपारी एक.
विकलं! विकलं! विकलं!
टोपीवाल्यांचा फोन. म्हणाले, विचार पक्का झाला, घर घेतो, उद्या येऊन व्यवहार करू. मी खुर्चीवर उभा राहिलो. सायकलवाल्याला मिठी मारली. मेहुण्याला फोन करून सांगितलं की गोदामाला दुसरा माणूस बघा. माझी पद्धत! नळ! वारा! सकाळचं ऊन!
घरी धावत गेलो. बायकोने मशीन थांबवली. सगळ्या बायकांनी थांबवली. पहिल्यांदाच इतकं शांत झालं. बायको हसली आणि म्हणाली, कुठलं घर?
ते विचारायचं राहिलं. अर्थात तीनच असणार.

२० मार्च, बुधवार.
चार.

२१ मार्च, गुरुवार.
टोपीवाले म्हणाले, तुमच्या मिसेसनी सगळं खरं सांगितलं, त्यामुळे विश्वास बसला. वास येतो तेव्हा कुठली खिडकी लावायची तेही आता माहीत आहे. तीन नंबरच्या घराबद्दल तुम्ही फार गोड बोललात, म्हणून त्याची भीती वाटली. यादीत हे घर होतंच.
मास्तर म्हणाले, मी तेव्हाच सांगितलं होतं.
पंधरा एप्रिलपर्यंत खाली करायचंय.

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती व्हरांड्यात बसून राहिली, मशीनच्या चाकावर हात ठेवून. मग म्हणाली, माझ्या बायका कुठे जातील? मी म्हटलं, अगं, पण करार जिंकला ना आपण. एक घर विकलं. माझ्या तोंडून हे गेलं तेव्हा मलाच माझी लाज वाटली.
मी म्हटलं, तुला परत जायचं असेल तर अजूनही दादाला सांगतो. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परक्या भाषेत बोलतोय. म्हणाली, डिसेंबरात त्याने खोल्यांना रंग देऊ का म्हणून विचारलं, तेव्हाच मी नाही म्हटलं. अर्धा तास तेच भांडत होते. मुदत घातली ती तुम्ही घरात बसून कुढत राहू नये म्हणून. मला इथून कुठेही जायचं नाही.
सहा महिने मी तिच्यासाठी धावत होतो. ती बसली होती जागच्या जागी, सुखात.

२६ मार्च, मंगळवार.
ती म्हणाली, यादीत काय उरलंय ते दाखवा. गिऱ्हाईकाला दाखवता तसं. मी म्हटलं, चल, आज मंगळवार, सकाळी दहा, उत्तम वेळ. ती म्हणाली, उद्या. पाच वाजता.

२७ मार्च, बुधवार. संध्याकाळी सात.
क्रमांक तीन दाखवलं. वारा पश्चिमेचा. नळ कोरडा. ती पुढे, मी मागे. तिने विचारलं, पाणी? मी म्हटलं, दोन दिवस. वास? मी म्हटलं, तीनपासून दिवे लागेपर्यंत. मागची भिंत? मी म्हटलं, तिला ओल आहे, मी फोटोत कपाट पुढे घेतलं होतं. कोंबडा आरवतो? मी म्हटलं, वीस हजारांत एकही आरवत नाही, सगळे नुसतेच कलकलतात.
बावीस वर्षांत इतकं खरं एका दमात बोललो नव्हतो. 
तिने व्हरांडा पावलांनी मोजला. म्हणाली, आठ मशीन बसतील. घेऊ. भाड्याने. मग नाकाला पदर लावून म्हणाली, निसर्गाच्या कुशीत.

१० एप्रिल, बुधवार.
सामान हलवलं. सायकलवाल्याने बोर्ड उतरवायला मदत केली. ऑफिसही आता घरीच. बोर्ड नव्या व्हरांड्याला बरोबर बसला, एक इंचही बाहेर नाही. बायकोने तो उलटा करून मागच्या बाजूला "शिवण क्लास" लिहिलं. मी म्हटलं, माझी बाजू भिंतीकडे गेली. ती म्हणाली, ओल तरी आत येणार नाही.
टेबल हलवायला जागाच नाही.

१४ एप्रिल, रविवार. सकाळी.
केस खांद्याला टेकले. सलूनमध्ये गेलो. तत्त्व म्हणजे तत्त्व, पण उकडतं. सलूनवाल्याने चादर गुंडाळली, माझा चष्मा काढून स्वतःजवळ ठेवला आणि सहज विचारलं, कुठे राहता? मी म्हटलं, पोल्ट्रीमागे, नव्यानेच.
त्याने कात्री थांबवली. म्हणाला, अरेरे! ते घर? तीन वर्षं दाखवतोय मी लोकांना, कुणी उंबरा ओलांडत नाही. तुमच्या गळ्यात कुणी मारलं?
मी म्हटलं, आहे एक एजंट.
तो आरशात हसत होता का, ते दिसलं नाही. चष्मा त्याच्याकडे होता.