जावयाच्या घरचं पाणी

३ मे, वरसे
रिपोर्ट आला. क्रिएटिनिन १.१. म्हणजे सासूबाईंची किडनी माझ्या पोटात मजेत आहे. दीड वर्ष होत आलं. जनरल शिफ्ट, मास्क, गोळ्या वेळेवर. भेळ बंद झाली, एवढंच काय ते दुःख.

सासूबाई पेणहून येऊन गेल्या. पिशवीत पोह्यांचे पापड आणि स्वतःची पाण्याची बाटली. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा त्यांचा नेम. आम्हाला अजून मूल नाही. किडनी देऊन बसल्या, पण आमच्याकडे घोटभर पाणी घेत नाहीत. आजही बाटली दुपारीच संपली. संध्याकाळच्या एसटीपर्यंत तशाच.

११ मे
त्यांना लघवीला जळजळ होतेय. बायकोला, मनीषाला, फोनवर कळलं. डॉक्टरांनी बजावलंय, एका किडनीवर आहात, पाणी कमी पडू देऊ नका. मला राग आला. नेमाचा. थोडा त्यांचाही.

१७ मे
अधिक महिना लागला. वाण घ्यायला पेणचं बोलावणं. कंपनीत पाटील हसून हसून लोळला. "किडनी झाली, आता सासूकडून काय घेणार, फुप्फुस?"

२४ मे, पेण
अनारसे, दिवा, टॉवेल-टोपी. पुरणाचे धोंडे दोनच खाल्ले, साखर वाढते. म्हटलं, "आई, हे कशाला? वाण तर तुम्ही कधीच दिलंत."

"किडनी लेकीला दिली. तुमाला अजून काय दिलंच नाय."

मनीषा भांडी घासायला आत गेली. भांडी घासलेलीच होती.

निघताना धीर केला. "आई, तुमचीच किडनी रोज आमच्याकडे पाणी पितेय. नेम राहिलाय कुठे?"

पदर तोंडाला लावून हसल्या. मग हळूच, "आनि नेम मोडला म्हनून हिची कूस उजवली नाय, तर?"

वाणाची पिशवी उचलली आणि निघालो.

३१ मे, वरसे
सासूबाई रोह्याला तपासणीला आल्या, मग घरी. उकाडा मरणाचा. बाटली रिकामी. फ्रिजमधल्या पाण्याने तांब्या भरून जवळ ठेवला आणि मनीषाला घेऊन मुद्दाम कुंडलिकेच्या पुलापर्यंत फिरून आलो.

परत आलो तर तांब्या रिकामा. मनीषा म्हणाली, तुळशीला घातलं असेल. कुंडी बघितली. माती ओली होती, पण सकाळी पाणी मीच घातलं होतं.

२ जून
सासूबाईंचा फोन. जळजळ कमी आहे. पापड खारट झालेत का, विचारलं. मग म्हणाल्या, "जावईबापू, पानी येवढं गार नका ठेवू. दातात कळ जाते."

"कुणाच्या?"

"गच्चीवर पापड हायत, कावळे आले," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बाजारातून माठ आणायला हवा.